सिट्रेटचे सिग्नल दर नमुन्यात सरकतात: लघवी आणि डाळिंबाच्या रसाच्या एनएमआरमधली नेहमीची अडचण

लक्षण असं दिसतं. तीस-चाळीस नमुन्यांचे प्रोटॉन एनएमआर स्पेक्ट्रम (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे अणू देतात त्या सिग्नलचे आलेख) एकाखाली एक लावले की ०.०० वरचा टीएसपी, म्हणजे शून्य ठरवायला मुद्दाम घातलेला संदर्भ पदार्थ, सगळ्यांचा एका रेषेत असतो. १.४८ वरचा अ‍ॅलनिनचा डबलेट (दोन रेषांची जोडी) जागेवर असतो, आणि लघवी असेल तर ३.०५ वरचं क्रिएटिनिनही हलत नाही. पण २.५ ते २.७ पीपीएमच्या (आडव्या अक्षाचं एकक) पट्ट्यात सिट्रेटच्या चार रेषा एका नमुन्यात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. ७ ते ८.३ च्या भागात हिस्टिडिन कुठे आहे ते सापडत नाही. डेटाबेसशी जुळणी लागत नाही आणि वहीत ‘अनोळखी १’, ‘अनोळखी २’ अशी यादी वाढत जाते.

यादी वाढण्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. ०.०४ पीपीएमच्या ठरावीक बकेट (कप्पे) पाडून पीसीए (नमुन्यांतले मुख्य फरक शोधणारं विश्लेषण) काढलं की डाळिंबाच्या मृग बहाराची फळं एका बाजूला आणि हस्त बहाराची दुसऱ्या बाजूला अशी छान फारकत दिसते. लोडिंगमध्ये, म्हणजे या फारकतीला कारण ठरलेल्या बकेटच्या यादीत, सगळ्यात वर २.५४ आणि २.६६ च्या बकेट असतात. निष्कर्ष लिहिला जातो की दोन बहारांत सिट्रेट वेगळं आहे. प्रत्यक्षात सिट्रेटचं प्रमाण तेच असून फक्त सिग्नल शेजारच्या बकेटमध्ये गेलेला असू शकतो. म्हणून हे सरकणं निस्तरल्याशिवाय पुढचं संख्याशास्त्र करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी नेमकं काय हललंय ते बघा

सगळेच सिग्नल सारख्याच अंतराने सरकले असतील तर दोष संदर्भाचा. सॉफ्टवेअरने टीएसपीऐवजी दुसरंच काही शून्यावर बसवलं असेल, किंवा टीएसपीच रुंद झाला असेल. लघवीत अल्ब्युमिन जात असलेल्या रुग्णाच्या नमुन्यात हे हमखास होतं, कारण टीएसपी अल्ब्युमिनला चिकटतो. अशा नमुन्यात क्रिएटिनिनचा ३.०५ चा सिग्नल धरून संदर्भ लावा. सीरममध्ये तर टीएसपीवर विसंबूच नये. तिथे अल्फा ग्लुकोजचा ५.२३ चा डबलेट बरा.

सगळे जागेवर आणि फक्त पाण्याचा उरलेला सिग्नल टीएसपीच्या मानाने सरकलाय, तर तापमान बदललंय. पाण्याचा सिग्नल दर अंशाला साधारण ०.०१ पीपीएम हलतो, म्हणजे ६०० मेगाहर्ट्झवर अंशामागे ६ हर्ट्झ. २९८ केल्विनला तो ४.७५ च्या जवळ दिसतो, तापमान वाढलं की उजवीकडे येतो. लघवीचे नमुने बहुतेक ३०० केल्विनला चालवतात, म्हणजे २६.८५ अंश सेल्सिअस. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बाहेर चाळिशीच्या वर पारा असताना उपकरणाच्या खोलीतला एसी थकला, तर प्रोबमध्ये (चुंबकात नमुना बसतो त्या भागात) येणारी हवाच सत्तावीसच्या वर असते. हीटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. हवा गार करणारं युनिट जोडलेलं नसेल तर पडद्यावर ३०० लिहिलेलं असूनही नमुना त्याहून गरम असतो. ड्युटेरेटेड (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा त्याचा जड प्रकार असलेल्या) मिथेनॉलच्या प्रमाणित ट्यूबने दर आठवड्याला तापमान तपासा आणि नमुना चुंबकात गेल्यावर पाच मिनिटं थांबूनच शिमिंगला (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याला) हात घाला.

सगळेच सिग्नल जाड झाले असतील तर शिमिंग, ट्यूबमधला गाळ किंवा ओरखडे पडलेली ट्यूब. टीएसपीची अर्ध्या उंचीवरची रुंदी १ हर्ट्झच्या आत आली नाही तर तो स्पेक्ट्रम ठेवू नका, पुन्हा घ्या.

आणि आता मुख्य प्रकार: अ‍ॅलनिन, क्रिएटिनिन, टीएसपी, ग्लुकोज जागेवर, पण सिट्रेट आणि हिस्टिडिन दोन्ही सरकलेले. हा पीएचचा दोष आहे. फक्त सिट्रेट सरकलंय, हिस्टिडिन जागेवर आहे, तर संशय कॅल्शियम-मॅग्नेशियमवर. सिट्रेट सरकलेलं नाही पण रुंद होऊन बसलंय, अमिनो आम्लंही बसली आहेत आणि साखरेच्या रेषा मात्र धारदार आहेत, तर तांबं किंवा लोह. या तीन वाक्यांत अर्धं निदान होतं, म्हणून यंत्राची बटणं फिरवण्याआधी स्पेक्ट्रमकडे पाच मिनिटं नीट बघा.

हिस्टिडिन हा ट्यूबमधलाच पीएच मीटर आहे. त्याच्या इमिडॅझोल वलयाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) ६ च्या आसपास. त्याचा डावीकडचा प्रोटॉन पूर्ण आम्ली रूपात ८.६ च्या जवळ, पीएच ६ ला ८.२ च्या आसपास आणि ७.४ ला ७.८ पर्यंत येतो. जवळजवळ एक पीपीएमचा हा प्रवास. सिट्रेटचा प्रवास त्याच्या तिसऱ्या भागाएवढा असतो, पण पीकेए तीन आहेत, ३.१, ४.८ आणि ६.४, त्यामुळे पीएच ३ पासून ७ पर्यंत ते कुठेच स्थिर बसत नाही. सातच्या वर गेलं की मात्र शांत होतं. पीएच सातच्या वर ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच.

बफर घातला होता, तरी पीएच का ढळला?

प्रयोगशाळेत हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर साध्या बेरीज-वजाबाकीत आहे.

लघवीसाठी चालणारी नेहमीची कृती म्हणजे ५४० मायक्रोलिटर लघवी आणि ६० मायक्रोलिटर बफर. हा बफर १.५ मोलार पोटॅशियम फॉस्फेटचा, पीएच ७.४, जड पाण्यात (ड्युटेरियमच्या पाण्यात) केलेला. मिश्रणात फॉस्फेट उरतं १५० मिलिमोलार. विरघळलेल्या मिठांच्या या प्रमाणाला फॉस्फेटचा परिणामकारक पीकेए ६.८ धरला तर ७.४ ला त्यातलं १२० मिलिमोलार मोनोहायड्रोजन रूपात आणि ३० डायहायड्रोजन रूपात असतं. आम्ल पिऊन घेण्याची ताकद आहे ती फक्त त्या १२० मध्ये.

आता तीच कृती डाळिंबाच्या रसावर लावली. समजा रसाची आम्लता सिट्रिक आम्ल धरून ०.५ टक्के आहे. लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे २६ मिलिमोलार सिट्रिक आम्ल, आणि प्रत्येकाला तीन प्रोटॉन. रसाने लिटरमागे ७८ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल आणलं. ५४० : ६० च्या मिश्रणात ते सत्तर उरतं. १२० मधून ७० गेले, राहिले ५०, आणि दुसऱ्या बाजूला ३० चे झाले १००. गुणोत्तर निम्मं, म्हणजे पीएच साडेसहाच्या आसपास. तुम्ही ७.४ समजून डेटाबेस उघडला आहे, ट्यूबमध्ये आहे ६.५.

आम्लता १ टक्का असेल तर आणखी वाईट. १४० आम्ल आणि पिणारं १२०. बफर संपतो आणि पीएच पाचच्या आसपास किंवा त्याखाली कोसळतो. तिथे टीएसपीचा स्वतःचा कार्बोक्झिल गटही प्रोटॉन घेतो आणि टीएसपी शंभरांश-दोन शंभरांश पीपीएम हलतो. संदर्भच हलल्यामुळे मग बाकी सगळं उलट्या दिशेला सरकल्यासारखं दिसतं आणि माणूस पुरता गोंधळतो. आम्ली रसात काम करायचंच असेल तर डीएसएस हा दुसरा संदर्भ पदार्थ वापरा, तो सल्फोनेट असल्याने पीएचला जुमानत नाही. फक्त ड्युटेरेटेड प्रकार घ्या, कारण साध्या डीएसएसचे स्वतःचे सिग्नल ०.६३, १.७६ आणि २.९१ ला येतात.

लघवीतही हेच होतं, फक्त कमी प्रमाणात. उन्हाळ्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळी करणाऱ्या माणसाची दुपारची लघवी गाढ आणि आम्ली असते. तिचा पीएच सव्वापाच आणि स्वतःचं फॉस्फेट ५० मिलिमोलार धरलं, तर ते जवळजवळ सगळं डायहायड्रोजन रूपात असतं. मिश्रणात ३० चे ७५ होतात, पीएच ७.० वर येतो. त्याच माणसाच्या पावसाळ्यातल्या पातळ लघवीत तो ७.३-७.४ राहतो. मग उन्हाळा आणि पावसाळा यांची तुलना केली की हिस्टिडिन ‘बदललेलं’ दिसणारच.

बफर स्वतः नीट झालाय का

१०० मिलिलिटरसाठी पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २०.४ ग्रॅम, ड्युटेरेटेड टीएसपी १०० मिलिग्रॅम, सोडियम अझाइड १३ मिलिग्रॅम. साधारण ८० मिलिलिटर जड पाण्यात घ्या आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या एकेक करून टाका. सात-आठ ग्रॅम लागतात. द्रावण चांगलंच तापतं. ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत मीटर बुडवू नका. घाईत गरम द्रावणात पीएच जुळवणं ही पहिली चूक.

दुसरी चूक सोडियम फॉस्फेट वापरण्याची. डायसोडियम फॉस्फेट फ्रिजमध्ये स्फटिक धरतं. बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे खडे दिसले म्हणजे वरच्या द्रावणाचं प्रमाण आणि पीएच दोन्ही बदललेत, आणि प्रत्येक पिपेटला वेगळा बफर जातोय. पोटॅशियमचा बफर टिकतो. तरी वापरण्याआधी बाटली उजेडात धरून बघायची सवय ठेवा.

तिसरी गोष्ट जड पाण्याची. काचेचा इलेक्ट्रोड शुद्ध जड पाण्यात ०.४ ने कमी वाचतो. खरा पीडी (जड पाण्यातला पीएच) काढायला वाचनात ०.४ मिळवायचे. शिवाय १.५ मोलारचं द्रावण दहापट पातळ केलं की मिठांचं प्रमाण उतरतं आणि पीएच थोडा चढतो. हे दोन हिशोब डोक्यात करत बसण्यापेक्षा १ मिलिलिटर बफर ९ मिलिलिटर शुद्ध पाण्यात घाला आणि तिथे ७.४० मिळतंय का ते मोजा. मिळायला हवा तो पीएच इथला, बाटलीतला नव्हे.

अझाइड विषारी आहे. आम्लाशी गाठ पडली की त्यातून हायड्रॅझोइक आम्लाची वाफ निघते, म्हणून बफरची मूळ बाटली आम्ली रसाच्या जवळ उघडी ठेवू नका आणि उरलेला बफर बेसिनमध्ये ओतू नका. धातूच्या नळीत अझाइडचे स्फोटक क्षार साचतात.

रसासाठी चालणारी कृती

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातलं भगवा हे वाण गोड आणि कमी आम्लाचं, तरीही लघवीची कृती त्याला चालत नाही. उपाय म्हणजे रस पातळ करणं. १०० मायक्रोलिटर रस, ४४० मायक्रोलिटर शुद्ध पाणी, ६० मायक्रोलिटर बफर. सहापट पातळ केल्यावर ०.५ टक्केवाल्या रसाचं ७८ चं आम्ल १३ होतं आणि पीएच ७.२ राहतो. १ टक्केवाला रस ७.० वर येतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज इतकं भरपूर असतं की सहापट पातळ करूनही साखरेच्या रेषा आभाळाला टेकतात. उलट रस पातळ केल्याने रिसीव्हर भरून वाहण्याचा त्रास आणि दाट रसामुळे रेषा जाड होण्याचा त्रास, दोन्ही जातात. अमिनो आम्लांसाठी मात्र स्कॅन ३२ वरून १२८ करा.

७.० आणि ७.२ मधला उरलेला फरक क्षाराने (अल्कलीने) काढायचा. रसाची आम्लता आधी टायट्रेशनने काढून ठेवा. १०० मायक्रोलिटर रसातल्या दर ०.१ टक्का आम्लतेला १ मोलार पोटॅशियम हायड्रॉक्साइड साधारण १.५ मायक्रोलिटर लागतं. म्हणजे ०.५ टक्क्याला आठ, १ टक्क्याला पंधरा-सोळा. तेवढंच पाणी कमी करा, एकूण ६०० कायम.

क्रम चुकवू नका: रस, पाणी, बफर, आणि क्षार सगळ्यात शेवटी, ट्यूब हलवत. क्षार थेट रसात टाकला तर काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. जिथे थेंब पडतो तिथे लाल रंग जांभळा होतो, मग निळसर-हिरवा, आणि थोड्या वेळाने मातकट तपकिरी. ॲन्थोसायनिन आणि टॅनिन क्षारात तुटतात, ऑक्सिडाइज होतात. ती तपकिरी छटा एकदा आली की पुन्हा आम्ल घालूनही मूळ रस परत मिळत नाही, आणि गाळ बसून शिमिंगही बिघडतं. बफर आधी असेल तर क्षाराचा थेंब पसरण्याआधीच बांधला जातो.

टॅनिन किंवा ॲन्थोसायनिनच मोजायची असतील तर सातच्या वर जाऊच नका, पीएच ३ च्या आसपास काम करा. पण तिथे सिट्रेट आपल्या पहिल्या पीकेएच्या अगदी डोक्यावर बसलेलं असतं. पीएच शतांशात जुळवता येत नसेल तर त्या स्पेक्ट्रममधून सिट्रेटबद्दल काही बोलू नका.

पीएच मोजायला ६०० मायक्रोलिटर पुरत नाहीत, आणि तीन मिलिमीटरचा मायक्रोइलेक्ट्रोड सगळीकडे नसतो. त्यावर सोपा मार्ग म्हणजे हेच प्रमाण दहापट करा: १ मिलिलिटर रस, ४.४ पाणी, ०.६ बफर. या चाचणीसाठी जड पाण्याचा महागडा बफर वाया घालवायची गरज नाही, साध्या पाण्यातला चालतो. प्रत्येक बागेच्या एका फळावर ही चाचणी केली तरी पुरे.

दाणे सोलून घ्या, सालीसकट दाबू नका. दाणे फडक्यातून पिळा, १२,००० जी वर ४ अंशाला १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. गाळणी वापरणार असाल तर आधी ती शुद्ध पाण्याने तीन-चार वेळा धुवा. फिल्टरच्या पडद्यावर ओलावा टिकवायला ग्लिसरॉल लावलेलं असतं आणि ते ३.५५, ३.६४, ३.७८ ला साखरेच्या गर्दीत घुसून बसतं. कित्येक ‘अनोळखी’ सिग्नल म्हणजे तेच.

गाढ लघवीसाठी

२७० मायक्रोलिटर लघवी, २७० पाणी, ६० बफर. वरच्या उदाहरणातली लघवी यात ७.० ऐवजी ७.१५ वर येते. मात्र काही नमुने असे आणि काही तसे करू नका. अभ्यासातले सगळेच अर्धे पातळ करा आणि नंतर पीक्यूएनने (संदर्भ स्पेक्ट्रमशी गुणोत्तरं काढून त्यांच्या मध्यकाने भागण्याची पद्धत) सामान्यीकरण करा. निव्वळ क्रिएटिनिनने भागणं आम्हाला पटत नाही, कारण स्नायूंचं वस्तुमान आणि वय यांनी ते स्वतःच बदलतं.

बफर घातल्यावर लघवी कधी कधी दुधाळ होते. तो कॅल्शियम फॉस्फेटचा साका आहे. म्हणून सेंट्रिफ्यूज बफरच्या आधी नव्हे, बफर घालून दहा मिनिटं थांबल्यावर करा. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा असतो आणि मग जाड रेषांचा दोष विनाकारण शिमिंगवर जातो.

मीठ जास्त असलेल्या नमुन्यात ९० अंशाचा पल्सही (नमुन्याला दिलेला रेडिओलहरींचा झटका) लांबतो. तो प्रत्येक नमुन्याला नव्याने काढा. एकाच आकड्यावर पूर्ण रांग चालवली तर गाढ नमुन्यांत सगळंच थोडं कमी मोजलं जातं. पाण्याचा सिग्नल दाबताना ५.७९ चा युरियाचा सिग्नलही कमी होतो, कारण युरियाचे प्रोटॉन पाण्याशी अदलाबदल करतात. त्यामुळे या स्पेक्ट्रमवरून युरिया मोजू नका.

धातूचा संशय असेल तर

एकाच नमुन्याच्या दोन ट्यूब करा. एकीत ०.५ मोलार, पीएच ८ चं ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारा पदार्थ) १२ मायक्रोलिटर घाला, म्हणजे अंदाजे १० मिलिमोलार. सिट्रेट सरकलं आणि हिस्टिडिन तिथेच राहिलं तर कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम. मात्र ईडीटीए कॅल्शियमला धरताना प्रोटॉन सोडतं, त्यामुळे पीएच थोडा उतरतो. दोन्ही ट्यूबचा पीएच मोजून मगच निकाल द्या. आणि ही युक्ती निदानापुरतीच ठेवा. कॅल्शियमला बांधलेल्या ईडीटीएचा सिग्नल २.५६ ला आणि मॅग्नेशियमच्या ईडीटीएचा २.७० ला येतो, म्हणजे बरोबर सिट्रेटच्या अंगावर. ईडीटीएच्या नळीत घेतलेल्या रक्ताच्या प्लाझ्मातही हेच दोन सिग्नल दिसतात. त्यांना नवा मेटाबोलाइट (चयापचयातला पदार्थ) समजू नका.

डाळिंबात तांब्याकडे खास लक्ष ठेवायला हवं. तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या फवारण्या होतात आणि सालीवर निळसर डाग राहतात. फळ न धुता किंवा सालीसकट दाबलं तर तांबं रसात उतरतं. तांब्याचा आयन अनुचुंबकीय आहे. तो सिट्रेट, हिस्टिडिन आणि इतर अमिनो आम्लांना धरून बसतो आणि त्यांच्या रेषा पसरवतो, साखरेला फारसं शिवत नाही. तेल्या लागलेल्या आणि निरोगी फळांची तुलना करताना हा घोळ फार घातक, कारण फवारणी बहुधा रोगट बागेतच जास्त झालेली असते. ‘रोगट फळात अमिनो आम्लं कमी’ असा निकाल हाती येतो आणि तो निव्वळ तांब्याचा असू शकतो. फळ वाहत्या पाण्याखाली धुवा, शेवटचं धुणं शुद्ध पाण्याने, पुसून मग कापा. तरीही शंका असेल तर १ मिलिमोलार ईडीटीए घालून बघा. रेषा पुन्हा बारीक झाल्या तर उत्तर मिळालं.

एनएमआर ट्यूब बोअरच्या पाण्याने धुऊ नका. त्या कठीण पाण्यातले क्षार आत पांढरा थर धरतात. शुद्ध पाण्याने धुवा, आणि वाळवायला ओव्हनमध्ये उभ्या ठेवू नका, जास्त तापमानाला ट्यूब वाकतात.

सोलापुरातून नमुने पाठवताना

मोठ्या क्षमतेच्या उपकरणासाठी नमुने पुण्याला किंवा मुंबईला पाठवायची वेळ येते. पुणं इथून रस्त्याने अडीचशे किलोमीटर. कोरड्या बर्फात पाठवलं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण कोरडा बर्फ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. नळीचं झाकण सैल असेल तर तो वायू आत शिरतो, नमुना वितळताना विरघळतो आणि पीएच उतरवतो. पोचल्यावर नळ्या लगेच वितळवू नका. आधी उणे ८० च्या फ्रीझरमध्ये दोन-तीन दिवस खोक्याबाहेर ठेवा, वायू निघून जाऊ द्या. झाकणावर पॅराफिल्म गुंडाळणं तर बंधनकारक समजा.

नमुना गोळा करताना उशीर झाला की पीएच उलट दिशेला जातो. उन्हात उभ्या गाडीत लघवी तास-दोन तास राहिली तर जिवाणू युरियाचा अमोनिया करतात आणि पीएच आठच्या वर चढतो. त्याच्या खुणा स्पेक्ट्रममध्ये वाचता येतात. १.९२ ला ॲसिटेट वाढतं, ८.४६ ला फॉर्मेट वाढतं, हिप्युरेट तुटून ७.८७ च्या जवळ बेंझोएट आणि ३.५७ ला ग्लायसिन दिसतं. असा नमुना बफरने दुरुस्त होत नाही, तो बाजूला काढा. गोळा करतानाच बर्फाच्या डब्यात ठेवा, दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून गोठवा. रसात हीच गोष्ट यीस्ट करतं: १.१८ ला ट्रिपलेट (तीन रेषा) आणि ३.६५ ला क्वार्टेट (चार रेषा), म्हणजे इथेनॉल. सॅनिटायझरमधून आलेलं इथेनॉल हुबेहूब तसंच दिसतं, म्हणून नमुना हाताळण्याआधी सॅनिटायझर टाळून साध्या साबणाने हात धुवा. १.१७ ला ट्रिपलेटऐवजी डबलेट असेल तर ते आयसोप्रोपॅनॉल, पुसायच्या फडक्यातलं.

सरकलेला सिग्नल सिट्रेटच आहे, हे कसं पक्कं करायचं

पीपीएमचा आकडा सोडा, हर्ट्झमध्ये मोजा. सिट्रेटच्या प्रत्येक जोडीतल्या दोन रेषांमधलं अंतर १५-१६ हर्ट्झ असतं, ६०० मेगाहर्ट्झवर ते ०.०२६ पीपीएम. पीएचने जोडी सरकते, पण अंतर जवळजवळ तेच राहतं. दुसरी खूण छपराची: आतल्या दोन रेषा उंच, बाहेरच्या दोन बुटक्या, उतरत्या छपरासारख्या. एवढ्यावर लघवीत सहसा भागतं.

डाळिंबाच्या रसात मॅलेट आडवं येतं. त्याचा एक सिग्नल २.६७ ला असतो, सिट्रेटच्या डाव्या जोडीवरच. मॅलेट आहे की नाही ते ४.३० आणि २.३६ ला बघून ठरवा. तरी गुंता सुटला नाही तर एचएसक्यूसी (प्रोटॉन आणि त्याला जोडलेला कार्बन दोन अक्षांवर दाखवणारा स्पेक्ट्रम) घ्या: सिट्रेटच्या सीएच-टू चा कार्बन ४८ च्या आसपास आणि मॅलेटचा ४५ च्या आसपास येतो. प्रोटॉनच्या अक्षावर जे एकमेकांवर आहेत ते कार्बनच्या अक्षावर सुटे होतात.

शेवटचा पुरावा म्हणजे शुद्ध पदार्थ मिसळून बघणं. त्याच बफरमध्ये पीएच ७.४ ला आणलेलं ५० मिलिमोलार सिट्रेट ५ मायक्रोलिटर ट्यूबमध्ये घाला, प्रमाण ०.४ मिलिमोलारने वाढेल. त्याच चार रेषा वाढल्या, बाजूला नवी रेषा आली नाही, तर ओळख पटली. इथे पुष्कळ जण सिट्रिक आम्लच पाण्यात विरघळवून घालतात. त्याने पीएच उतरतो, सिग्नल पुन्हा सरकतो आणि ‘जुळलं नाही’ असा चुकीचा निर्वाळा मिळतो. मेटाबोलोमिक्स स्टँडर्ड्स इनिशिएटिव्हच्या २००७ च्या पायऱ्यांनुसार पहिल्या पायरीची ओळख सांगायला शुद्ध नमुन्याशी दोन स्वतंत्र गुणधर्म जुळावे लागतात. निव्वळ डेटाबेसशी एक आकडा जुळला म्हणून नाव लिहू नका, ‘संभाव्य’ असं लिहा. एचएमडीबी या मानवी मेटाबोलाइटच्या डेटाबेसातले बरेच प्रमाण स्पेक्ट्रम पीएच ७.० चे आहेत, हेही आकडे पडताळताना ध्यानात असू द्या.

४.४४, ८.०८, ८.८३ आणि ९.१२ ला लहान पण ठसठशीत सिग्नल दिसले तर ते ट्रायगोनेलिन. मेथीच्या शास्त्रीय नावावरूनच त्याला हे नाव पडलंय आणि कॉफीतूनही ते येतं. ते पीएचने फारसं हलत नाही, त्यामुळे लघवीत ते सापडलं तर आडव्या अक्षाची आणखी एक फुकट पडताळणी होते.

स्पेक्ट्रम आधीच घेऊन झाले असतील तर

नमुने संपलेत आणि हातात फक्त फाइली आहेत, असंही होतं. हिस्टिडिनच्या सिग्नलवरून प्रत्येक नमुन्याचा पीएच काढा आणि तो आकडा नमुन्यांच्या यादीत एक स्तंभ म्हणून लिहा. पीसीएच्या पहिल्या घटकाशी त्याचा सहसंबंध बघा. तो ठळक असेल तर तुमचा पहिला घटक जीवशास्त्र सांगत नाहीये, पीएच सांगतोय.

ठरावीक बकेट सोडा. २.४८ ते २.७५ हा पूर्ण पट्टा एकाच बकेटमध्ये घ्या, म्हणजे सिट्रेट त्यात कुठेही असलं तरी बेरीज तीच येते. रसात याच बकेटमध्ये मॅलेटचा वाटाही येतो. तो ४.३० च्या सिग्नलवरून काढून वजा करा. तो सिग्नल एका प्रोटॉनचा आणि २.६७ चाही एकाच प्रोटॉनचा, त्यामुळे वजाबाकी सरळ आहे. स्पेक्ट्रम रेषेत आणणारी सॉफ्टवेअर वापरली तर प्रत्येक पट्ट्याला किती सरकवलं ते जपून ठेवा. हिस्टिडिन ०.२ पीपीएमपेक्षा जास्त सरकवावं लागलं असे नमुने वेगळे काढा आणि उणे ८० मध्ये मूळ नमुन्याचे शंभर मायक्रोलिटर जरी शिल्लक असतील, तर पातळ करून ते पुन्हा चालवा.